नखाएवढी हिरवी रेघ

माझ्या बागेच्या वहीत दर वर्षी एक पान असं असतं की त्यावर तारखांपुढे एकच शेरा आहे: "काही नाही." खाली पुन्हा "काही नाही." त्याखाली "अजून नाही." हिशेब लिहिण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे रकाना मोकळा सोडवत नाही. जमा नसेल तर शून्य तरी लिहायचं, ही सवय बागेतही आली.

सध्या तेच पान चालू आहे. इथल्या थंड मुलखातली बाकी सगळी फुलझुडपं हिरवी झालीयत. लायलॅकला पानं आली, स्पायरिया तर हिरव्या धुरळ्यासारखी दिसतेय, फोर्सिथियाची पिवळी फुलं येऊन गेलीसुद्धा. आणि या सगळ्यांच्या मधोमध, अगदी बसायच्या खुर्चीसमोर, करड्या काड्यांचा एक पुरुषभर उंच खराटा उलटा रोवल्यासारखा उभा आहे: माझी जास्वंद. घरी येणारा प्रत्येक जण चहाचा कप हातात घेऊन खिडकीशी जातो आणि हळू आवाजात विचारतो, "ते मेलंय ना?"

नाही मेलं. पण पहिल्या वर्षी मीही तसंच समजले होते, आणि नुसती समजून थांबले नव्हते, कुदळ घेऊन गेले होते.

हे झाड माझ्याकडे आलं तेव्हा कोपरभर उंचीचं रोप होतं, लहान कुंडीत. देणाऱ्या बाईंनी सांगितलं, "जास्वंद आहे." पानं थोडी वेगळी होती, तीन बोटांसारखी खाच पडलेली, कडेला करवतीचे दात. पण फूल उमललं तेव्हा शंकेला जागा उरली नाही. पाच पाकळ्या, मधून बाहेर आलेला तो जास्वंदीचा दांडा, फक्त लालभडक रंगाऐवजी फिकट जांभळा आणि पोटात गडद लाल डाग. जास्वंद म्हणजे बारा महिने हिरवी, हे माझ्या डोक्यात लहानपणापासून पक्कं बसलेलं. थंड हवेत जास्वंद बाहेर जमिनीत टिकत नाही हेही माहीत होतं. तरी बाई म्हणाल्या, "लाव बिनधास्त, ही टिकते." लावली.

ही जास्वंद वेगळी, हे नंतर कळलं. शास्त्रीय नाव हिबिस्कस सिरियाकस. बोली नाव रोझ ऑफ शॅरन. या नावात एकही गोष्ट खरी नाही, म्हणून मला ते फार आवडतं. हा गुलाब नाही. शॅरन हे इस्राएलमधलं किनाऱ्यालगतचं मैदान, तिथलंही हे झाड नाही. झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1753 साली नाव देताना हे सीरियाचं समजून 'सिरियाकस' म्हटलं, तर ते सीरियाचंही नाही, मूळ चीनकडचं. वर ब्रिटनमध्ये 'रोझ ऑफ शॅरन' म्हणालात तर लोक भलत्याच झाडाकडे बोट दाखवतात, पिवळ्या फुलांच्या हायपेरिकमकडे. घरात आम्ही सरळ 'पानगळी जास्वंद' म्हणतो. जास्वंदीच्या कुळातली, म्हणजे कापसाचीही चुलत बहीण. आणि ते नातं पुढे बोंडं धरली की उघडच दिसतं.

तर पहिली शरद ऋतूची थंडी पडली आणि पानं पिवळी झाली. माझा जीव खाली-वर. मला वाटलं पाणी जास्त झालं. मग वाटलं कमी झालं. एक दिवसाआड पाणी, मग चार दिवस बंद, मग पुन्हा. शेवटी एका वाऱ्याच्या रात्रीत सगळी पानं खाली. सकाळी मी ती गोळा करताना मला खरोखर अपराध्यासारखं वाटत होतं.

झाड मात्र तेव्हा मोठ्या शिस्तीत आपली आवराआवर करत होतं. दिवस लहान होऊ लागले, गारवा वाढला की पानातलं हरितद्रव्य मोडलं जातं, त्यातलं नत्र आणि इतर कामाचे पदार्थ परत खोडाकडे ओढून घेतले जातात. पानातलं निम्म्याच्या आसपास नत्र असं परत येतं. दुकान बंद करण्याआधी गल्ल्यातली रक्कम काढून घ्यावी तसं. मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर तयार होतो, देठ तिथून सुटतो आणि जखमेवर आतल्या बाजूने खपली धरते. म्हणजे पान 'गळतं' हे तितकंसं बरोबर नाही, झाड त्याला रीतसर निरोप देतं. आजारी झाडाची पानं अनेकदा फांदीवरच वाळून लटकत राहतात, कारण हा थर धरायला वेळच मिळालेला नसतो. हे मला तेव्हा माहीत असतं तर पाण्याचा तो गोंधळ घातला नसता.

हिवाळाभर काडी उभी राहिली. एकच काडी, तिला दोन फाटे. हिम पडलं, वितळलं, पुन्हा पडलं. नवरा म्हणायचा, "तुझ्या जास्वंदीला मफलर घाल." मी खरंच जुनं पोतं गुंडाळलं होतं. आता गुंडाळत नाही. मुरलेलं झाड उणे 20 अंशांपर्यंतची थंडी अंगावर काढतं. कोवळ्या रोपाला पहिली दोन वर्षं बुंध्याभोवती पाल्याचं जाड आच्छादन पुरतं. थंडी हळूहळू वाढत गेली की पेशींमध्ये साखर साठते आणि पाणी पेशींच्या बाहेर, मधल्या फटींत जातं. बर्फ धरला तरी तो बाहेर धरतो, पेशी फुटत नाही. घात होतो तो अवचित थंडीने. ऊब आहे म्हणून शेंडे वाढत राहतात आणि एका रात्रीत पारा उतरतो. म्हणून उन्हाळा कलला की मी खताला हात लावत नाही. त्या खताने येणारा कोवळा फुटवा थंडीच्या तोंडीच जायचा असतो.

मग वसंत आला. सगळ्यांना आला, हिला सोडून.

फोर्सिथिया फुलली तेव्हा मी दुर्लक्ष केलं. लायलॅकला कळ्या दिसल्या तेव्हा रोज सकाळी खाली वाकून बघायला लागले. लायलॅक फुलून ओसरायला लागली तेव्हा माझा धीर सुटला. वहीत लिहिलं: "गेलं. जागा मोकळी करणे." आणि रविवारी कुदळ काढली.

शेजारचे नाना कुंपणाशी उभे होते. नानांचं वय तेव्हा ऐंशीच्या आसपास असेल, बोलणं कमी, बघणं जास्त. मला म्हणाले, "काय करतेस?"

"मेलंय हो नाना. काढून टाकते."

"कशावरून मेलं?"

"सगळ्यांना पानं आली, हिला एक डोळा फुटला नाही."

"थांब बाई. पुरायच्या आधी नाडी तरी बघ."

ते फाटक उघडून आत आले, गुडघ्यावर हात ठेवून सावकाश खाली बसले. शेंड्याजवळ अंगठ्याच्या नखाने साल खरवडली. आत तपकिरी, कोरडं. मी म्हणाले, "बघा." ते काही बोलले नाहीत. चार बोटं खाली आले, पुन्हा खरवडलं. तपकिरी. आणखी खाली. तिसऱ्या वेळी नखाखाली ओली, पोपटी रेघ दिसली. भाताच्या दाण्याएवढी असेल. मी चष्मा लावून पाहिली, बोट लावून पाहिलं, थंड लागली.

"झोपलीये," नाना म्हणाले. "शेंडा जळलाय, तेवढा काप. बाकीला हात लावू नको."

नंतर मी या खरवडण्याचं जरा नीट समजून घेतलं. सालीच्या लगेच खालचा जिवंत थर हिरवट आणि ओलसर असतो, मेला की तपकिरी आणि ठिसूळ होतो. वरून खाली यायचं, कारण झाड वरून मरतं. शेंडा मेला म्हणजे फांदी मेली असं नाही, आणि फांद्या मेल्या म्हणजे बुंधा मेला असंही नाही. एकाच ठिकाणी खरवडून निकाल द्यायचा नाही. आणि मोठाले ओरखडे काढायचे नाहीत. प्रत्येक ओरखडा म्हणजे जखमच. दुसरी खूण काडी वाकवून बघायची: जिवंत लवते, मेलेली कट्कन मोडते. पण मोडल्यावर कळून काय उपयोग, म्हणून मी नखावर भागवते.

नाना आले त्यानंतर 19 दिवसांनी, वहीत तारीख आहे, बुंध्यापासून वीतभर उंचीवर एक हिरवा ठिपका आला. टाचणीच्या डोक्याएवढा. दुसऱ्या दिवशी तीन. आठवड्यात सगळी काडी ठिपक्यांनी भरली, आणि मग जी वाढ सुरू झाली ती बघून मला माझीच लाज वाटली.

ही एवढी उशिरा का उठते? त्याचं उत्तर कळलं आणि छाटणीचं अर्धं कोडं आपोआप सुटलं. फोर्सिथिया, लायलॅक यांनी आपल्या फुलांच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच बांधून ठेवलेल्या असतात. हिवाळाभर त्या तयार बसलेल्या असतात. ऊब मिळाली की उघडायचं. त्यांची घाई स्वाभाविक आहे. पानगळी जास्वंद आधी नवा फुटवा काढते आणि त्या नव्या फुटव्यावर कळ्या धरते. फुलायचं भर उन्हाळ्यात, तेही पार गारवा येईपर्यंत. तिला थंडीच्या शेपटीत डोकं बाहेर काढायची काही गरजच नाही. उशिराचं हिम कोवळ्या पानांना जाळतं, तेव्हा हिच्याकडे जाळायला काही नसतं. मागल्याच्या मागल्या वर्षी असं हिम पडलं होतं, लायलॅकची पानं काळी पडली, आणि ही आपली काडीच्या काडी.

आता छाटणी. मी सगळ्यात जास्त चुका इथे केल्या आणि आता सगळ्यात जास्त बडबडही इथेच करते, तेव्हा सहन करा.

दुसऱ्या वर्षी मला नुकतं सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, मिळालं होतं आणि हाताला खाज सुटली होती. हिवाळा संपता संपता एका उन्हाच्या दिवशी बाहेर पडले आणि दिसेल ते झुडूप गुडघ्याएवढं केलं. लायलॅक, फोर्सिथिया, जास्वंद, सगळ्यांना एकच माप. त्या वर्षी लायलॅकला एक फूल आलं नाही. एकसुद्धा नाही. फोर्सिथियाने बुडाशी दोन-चार पिवळे ठिपके दाखवले. कारण मी त्यांच्या तयार कळ्याच कापून टोपलीत भरल्या होत्या. आणि जास्वंद? तिने त्या वर्षी आधी कधी दिली नव्हती एवढी मोठी फुलं दिली.

तेव्हापासून मी कोणत्याही झुडपाला सिकेटर लावण्याआधी एकच गोष्ट विचारते: तू गेल्या वर्षीच्या काडीवर फुलतेस की यंदाच्या? गेल्या वर्षीच्या असेल तर फुलं ओसरली की लगेच कापायचं, म्हणजे पुढच्या कळ्यांना उन्हाळा मिळतो. यंदाच्या असेल तर थंडी सरताना, डोळे, म्हणजे काडीवरच्या नव्या फुटव्याच्या गाठी, फुगायच्या आधी. नाव माहीत नसेल तर एक वर्ष नुसतं बघायचं. वर्षभर न छाटल्याने कुठलं झुडूप मरत नाही.

माझ्या जास्वंदीचं मी असं करते. आधी मेलेलं काढते, मग एकमेकींवर घासणाऱ्या फांद्यांतली एक. मग आतल्या बाजूला वळलेल्या. एवढं झालं की मागे दहा पावलं जाऊन बघते. हे मागे जाणं फार महत्त्वाचं, कारण जवळून सगळंच दाट दिसतं आणि हात चालत राहतो. मग उरलेल्या काड्या साधारण तिसरा हिस्सा कमी करते. काप बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या जरा वर, तिरका. डोळ्याला अगदी चिकटून कापलं तर डोळा वाळतो. फार वर कापलं तर खुंटी राहते आणि ती खुंटी कुजत खाली येते. जास्त कापलं, काडीवर दोन-तीन डोळेच ठेवले, तर फुलं मोजकी पण मोठी येतात. कमी कापलं तर पुष्कळ, पण लहान. मला पुष्कळ आवडतात. नवऱ्याला मोठी. या विषयावर आमचं एकमत व्हायची शक्यता नाही, सिकेटर माझ्याकडे असतं.

हवं तर ही एका बुंध्याची, छोट्या झाडासारखीही वाढवता येते: मधली एक काडी सरळ ठेवायची आणि खालचे फुटवे काढत राहायचे. मोकळी सोडली तर 8 ते 12 फुटांपर्यंत जाते. म्हणून जागा देताना भिंतीपासून निदान 4 फूट लांब. मी लावली तेव्हा कोपरभर होती, मला काय कल्पना. खुर्चीसमोरचा रस्ता आता तिरका चालावा लागतो.

लावणीबद्दल थोडंच सांगते, कारण ही हट्टी नाही. ऊन मात्र मागते, दिवसाला निदान 6 तास. सावलीत जगते, पण नुसती लांबते आणि फुलांना कंजूषी करते. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट रुंद, खोली मात्र गोळ्याएवढीच. माझी पहिल्या रोपाची चूक खोलीची होती; 'घट्ट बसावं' म्हणून बुंधा चार बोटं मातीत गाडला. साल मातीत राहिली की ओलीने कुजते. दुसऱ्या वर्षी उकरून माती मोकळी केली. कुंडीत मुळं गोल फिरलेली असतील तर बोटांनी सोडवायची, नाहीतर ती जमिनीतही गोलच फिरत राहतात. आळं जरा रुंद करायचं. आच्छादन दोन-तीन इंच, पण बुंध्याला टेकवायचं नाही.

पाणी पहिली दोन वर्षं मन लावून द्यायचं: आठवड्यातून एकदा, पण खोलवर. रोज शिंतडलेलं पाणी मुळांना वरवर बोलावतं. मी बोट मातीत दोन पेरं खुपसून बघते, वाफसा, म्हणजे पुरेशी ओल, असेल तर पाणी नाही. तिसऱ्या वर्षापासून ती आपलं आपण बघते, फक्त कळ्या धरल्यावर कोरड पडू द्यायची नाही. कळ्या गळायला लागल्या तर पहिला संशय पाण्यावर घ्यायचा, कमी किंवा जास्त, दोन्हींनी गळतात.

आणि दुसरा संशय खतावर. चौथ्या वर्षी मी लाडाने नत्राचं खत घातलं, वर पुन्हा महिन्याने. झाड असं पोसलं की रस्त्यावरचे लोक थांबून बघत. पानं तळहाताएवढी, गडद, चकचकीत. फुलं? मोजली होती, सबंध हंगामात 11. नत्राने पाला वाढतो, झाड अंग वाढवण्यात रमतं. आता मी वर्षातून एकदाच, डोळे फुगताना, बुंध्याभोवती चांगलं कुजलेलं कंपोस्ट पसरते. संपलं.

फुलांबद्दल सांगायचं तर एक फूल बहुतेक एका दिवसाचं. सकाळी उघडतं, संध्याकाळी मिटायला लागतं आणि मिटताना गळून पडलेल्या गुलाबासारखं विस्कटत नाही. पाकळ्या एकमेकींवर घट्ट गुंडाळल्या जातात, ओल्या कागदाची सुरळी करावी तशी, आणि ती सुरळी अख्खी खाली पडते. झाडाखाली सकाळी अशा सुरळ्यांचा सडा असतो. झाडणं सोपं जातं, हा बारीकसा फायदा. दुसऱ्या दिवशी नव्या कळ्या. हे असं तीन महिने. कोरियन भाषेत हिला 'मुगुंगह्वा' म्हणतात, म्हणजे न संपणारं फूल. दक्षिण कोरियाचं ते राष्ट्रीय फूल, त्यांच्या राष्ट्रगीताच्या धृपदातही आहे. एक दिवसाच्या फुलाला न संपणारं म्हणणारे लोक नक्कीच झाडाशेजारी बराच वेळ बसले असणार. एका फुलाकडे बघून हे नाव सुचत नाही.

भुंगे येतात तो खेळ बघण्यासारखा. कापसाच्या कुळातल्या फुलांचे परागकण मोठे आणि काटेरी असतात. मधमाशीला ते पायावर नीट गोळा करून बांधता येत नाहीत. मग ती सगळ्या अंगाला पीठ लागलेल्या अवस्थेत, गिरणीतून आल्यासारखी, दांड्यावरून घसरत बाहेर येते. थोरले भुंगे तर कधी संध्याकाळी फुलातच झोपतात आणि फूल मिटताना चिडून बाहेर निघतात. हे मी दोनदा पाहिलं आहे. नवरा म्हणतो एकदाच. वहीत दोनदा आहे.

किडींवर जास्त शब्द घालवत नाही. कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो. मुंग्या वर चढताना दिसल्या की समजायचं मावा आला, कारण त्या त्याच्या गोड चिकट्यासाठी येतात. त्याच चिकट्यावर पुढे काळी काजळी धरते. मी पाण्याची जोरकस धार मारते, दोन-तीन दिवस ओळीने. फवारणीची वेळ आजवर आली नाही.

खरा ताप आहे तो पिलावळीचा. फूल गळलं की पाच कप्प्यांचं बोंड धरतं, हिवाळ्यात ते वाळून तडकतं आणि आतून केसाळ कडेच्या बिया सांडतात. पुढच्या उन्हाळ्यात आईच्या पायाशी हिरवी गर्दी. फरशीच्या फटीत, कुंड्यांत, नळाखाली. पहिल्या वर्षी मला केवढं कौतुक! प्रत्येक पोराला वेगळी कुंडी. लहान असताना ती ओढली की निघतात. वर्षभर राहू दिलं तर मूळ एवढं खोल जातं की कुदळ लागते. शिवाय बीची पोरं आईसारखी असतीलच असं नाही. माझ्या जांभळीची दोन पोरं फुलली, एक मळकट गुलाबी, एक पांढरं लाल डोळ्याचं. पांढरं सुंदर निघालं, मळकट गुलाबी अजून मळकटच आहे. आता बोंडं हिरवी असतानाच कापून टाकते. काही वाणांना हा त्रास जवळजवळ नसतो. अमेरिकेच्या नॅशनल आर्बोरेटममध्ये, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात, डोनाल्ड एगॉल्फ यांनी 'डायना' हा शुभ्र पांढरा वाण काढला. त्याच्यात गुणसूत्रांचे संच नेहमीपेक्षा वेगळे आहेत, त्यामुळे बी क्वचितच धरतं. झाडाची ताकद बियांवर खर्च होत नाही, फुलणं लांबतं. नव्याने लावणाऱ्याला मी तोच सांगेन. माझी जांभळी मी मात्र बदलणार नाही, एकदा कुदळ दाखवून झाली आहे.

आईसारखंच हवं असेल तर छाट कलम. उन्हाळ्यात यंदाची, अर्धवट जून झालेली काडी घ्यायची, पेन्सिलीपेक्षा बारीक, वीतभर. खालची पानं काढायची, डोळ्याच्या लगेच खाली कापायची, वाळूमिश्रित मातीत दोन डोळे जातील इतकी खोल. वर सावली, आत ओल. माझ्या 10 काड्यांतल्या 6 लागल्या होत्या. उरलेल्या चार मी रोज उपटून मूळ आलं का बघत होते, त्यामुळे त्यांचा दोष नाही.

त्या सहांतली एक नानांना दिली. त्यांनी ती कुंपणाच्या पलीकडे, मी कुदळ घेऊन उभी होते बरोबर त्यासमोर लावली. नाना आता नाहीत. त्यांची सून बाग बघते, मनापासून बघते. परवा कुंपणाशी आली आणि म्हणाली, "मावशी, बाबांचं ते झाड गेलं वाटतं. काही हालचालच नाही. काढून तिथे गुलाब लावू का?"

मी फाटक उघडून पलीकडे गेले. गुडघे माझेही आता कुरकुरतात, सावकाश बसले. शेंड्याला तपकिरी. चार बोटं खाली तपकिरी. ती वाकून बघत होती. तिसऱ्यांदा नख लावलं आणि बाजूला सरकले, तिला दिसावं म्हणून.

"अय्या," ती म्हणाली. मग स्वतःच्या नखाने शेजारच्या फांदीवर जरा जास्तच जोरात खरवडायला लागली, तिला थांबवावं लागलं.

आज सकाळी दोन्हीकडची झाडं बघितली. वहीत दोन रकाने केलेत, त्यांचं आणि आमचं. दोन्हींत काही नाही.